सकाळचं खवट कालवण

मला मुरदार विकणारी म्हणाला तो ढाबेवाला बंकट! सोताच्या भरल्या ढाब्यावर! "अजमतबी मेलेल्या कोंबड्या कापून देती, म्हणूनच सकाळी कालवणाला वास मारतो." जीभ का काय ती! माझा जाकीर एकेका कोंबडीवर बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवतो. मेलेलं आमाला हराम हाय, हे चौसाळ्यातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.

तरी बोलणं गावभर झालं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायाबी दुकानापुढनं खाली मान घालून जायला लागल्या. ईद झाली की जमातीत माझा विषय निघणार, असं कानावर आलं. तिथं एकदा मुरदार ठरलं की दुकान बसलं. अन् मंग जाकीरला पोरगी कोण देणार?

वास येत होता, हे मात्र खोटं न्हाई. मी सोता खाऊन बघितलं. रात्री कालवण झकास. तेच सकाळी गरम करून भाकरीसंगं घेतलं की घास तोंडातच फिरायचा. आता आमच्याकडं रात्रीच्या कालवणाची खरी मजा सकाळीच. गावरान कोंबडी तर सकाळी जास्त चव धरती. ही पांढरी ब्रॉयलर आत्ता आत्ता आली, पण पयल्यांदा तीबी अशी नासत न्हवती. कोंबड्या मी घरामागच्या शेडात सोता वाढवते. मेलेली निघाली तर खड्ड्यात पुरते. मंग वास कावून यावा?

बीडला जनावरांच्या डाक्टरला जाऊन इचारलं. भला माणूस. म्हणाला, "मांसातली चरबी खवट होते, बाई. खाद्यात व्हिटॅमिन ई असलं की ती लवकर खवटत नाही. तुमच्या खाद्यात आहे ना?"

हाय की! मी खाद्य घेते त्या मन्मथप्पाच्या पोत्यावर लाल अक्षरात छापलंय, व्हिटॅमिनवालं खाद्य. म्हणून तर दुसऱ्यापेक्षा महाग.

माझ्या डोक्यात किडा वळवळला. डाक्टरकडनंच त्या व्हिटॅमिनची पूड आणली. थोड्या कोंबड्या येगळ्या काढल्या, त्यांच्या खाद्यात रोज मिसळली. रमजानभर हेच केलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी दोन पातेल्यात कालवण केलं. एकात पूडवाली कोंबडी, दुसऱ्यात मन्मथप्पाच्या नुसत्या खाद्यावरची. मसाला तोच, चूल तीच. रातभर झाकून ठेवलं, सकाळी गरम केलं अन् दोन्ही पातेली घेऊन त्याच्या दुकानाची पायरी चढले.

मन्मथप्पा लिंगायत माणूस, जन्मात अंडं शिवलेलं न्हाई. कपाळाला भस्म. पातेली बघून ताडकन उठला. "अगं बाई, हे आत आणू नको! लिंगपूजा करून बसलोय!"

"आत न्हाई आणत. भाईर या. अन् उपरणं नाकावरनं काढा आप्पा, नाकाचंच काम हाय."

आधी पूडवालं उघडलं. तोंड वाकडं करून हुंगला, पण नाक मागं घेतलं न्हाई. मंग दुसरं उघडलं. हा शेंगदाण्याचा, तेलाचा पिढीजात व्यापारी. खवट वास त्याला मी काय सांगायचा? त्याची मान खाली गेली.

"आता पूड घालत न्हाई ना तुमी?"

"महाग पडती, अजमतबी. अन् गिऱ्हाईकाला कुठं दिसती?"

"पोत्यावर छापलंय ते?"

"पोती आधीच छापून आलती."

असं वाटलं, पातेलं डोक्यावर पालथं करावं! महिना दोन महिने मी तोंड लपवून फिरतेय, अन् ह्याची पोती छापून आलती! तो म्हणाला, चार पोती फुकट घेऊन जा. म्हटलं, पोती तुमच्या घरात घाला. जिथं माझी अब्रू गेली तिथं चला अन् तिथं बोला.

आला. जमातीतले दोघं बुजुर्ग मीच बोलावून ढाब्यावर नेलते. मन्मथप्पानं समद्यांसमोर हात जोडले. पण कुणाला? बंकटला! "बंकटराव, खाद्यात माझी चूक झाली. कोंबडी मेलेली न्हवती. माफी असावी."

"चुकतंय माणूस, आप्पा. बसा, च्या घ्या." बंकटनं खुर्ची पुसून दिली. बुजुर्ग म्हणाले, चला, बात खतम. तेबी बसले. पातेली हातात घेऊन मी हुबीच. माझ्याकडं कुणी वळून बघितलं न्हाई. ज्यानं फसवलं त्याला च्या, ज्यानं बदनाम केलं त्याचाच मान, अन् मी कोण? वाट बघून बघून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंकट दुकानावर हजर. काही झालंच न्हाई असं हसत. "चार मोठ्या काढ, जाकीर. ताज्या हायत ना?"

जाकीरनं पिंजऱ्यात हात घातला. मी त्याचा हात धरला.

"बंकटराव, आधी ढाब्यावर हुबं राहून माझं नाव घेऊन सांगा, अजमतबी मुरदार विकत न्हाई. मंग कोंबडी."

"आता एवढं काय धरून बसायचं, अजमतबी? मिटलं न्हवं काल?"

"तुमचं मिटलं."

तो फटफटीला किक मारून गेला. जाकीर म्हणाला, "अम्मा, आपल्या अर्ध्या कोंबड्या त्याच्याच ढाब्यावर जात्यात."

"मला ठावं हाय," म्हटलं, अन् पिंजऱ्याचं दार लावलं.