जहागीरदाराची मान

पिशोरहून लेकीकडं रिकाम्या हातानं यायची आपली रीत नाय. म्हणून मी जहागीरदाराला थैलीत घातला. हा आमचा गावरान कोंबडा. त्यानं बांग दिली की कन्नडची एसटी घाबरून जागीच थांबती. वाटंत लेकीचा, सोनियाचा फोन आला. घरी नको, सरळ शाळेतच ये म्हणली. नात श्रेया इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचली, जिंकली तर पुण्याला जायची. मग काय, मी थैलीसकट हॉलात, पार पहिल्या रांगेत!

परीक्षक श्रीनिवास सरांनी शब्द टाकला, हॅकल. अर्थ अन् वापर सांग म्हणले. पोरगी म्हणली, पिसं. कुठली पिसं, सरांनी इचारलं, शेपटीची का पंखाची? श्रेयाचं तोंड उतरलं. तेवढ्यात जहागीरदार थैलीतून निसटला तो थेट टेबलावर. तिथं बक्षिसाचा चकचकीत कप. कपात त्याला दुसरा कोंबडा दिसला. झालं, मानंची सगळी पिसं छत्रीवाणी उभी!

"मानेची, सर!" श्रेया ओरडलीच. "कोंबड्याच्या मानेची. हीच पिसं गळाला बांधून खोटी माशी करतात, मासे पकडायला."

सर तापले. ही मदत झाली, उत्तर धरता येणार नाय म्हणले. मी पदर खोचून उठले.

"कोंबडा एक अक्षर तरी बोलला का, सर? त्याला मराठी येत नाय, इंग्रजी कुठून यावं?"

सगळा हॉल हसून लोळला. सर काय हसंनात. कोंबडा भायेर न्या म्हणले, अन् श्रेयानं याच शब्दाचा अजून एक वापर सांगावा. सोनिया त्याला बगलंत मारून गेली. आता पोरगी एकटी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी अजून कंबरंवर हात ठेवून, मान ताठ करून, सरांवर डोळे वटारून उभी.

"सर," ती हळूच म्हणली, "माणूस चिडला तरी इंग्रजीत म्हणतात, त्याच्या मानेची पिसं उभी राहिली. आत्ता आजीची राहिलीत तशी."

सरांनी मला न्याहाळलं, अन् त्यांनाच हसू आवरंना. बरोबर म्हणले, कप तिच्या हातात दिला. पुणं पक्कं झालं!

शेजारची बाई मला इचारती, पिसं खरंच उभी राहिली का वो आजी? व्हय तर, म्हणलं. मान चाचपली, दोन पिसं हाताला आली. एक तिला देऊन टाकलं.