शेवंतीची साखर

काशीगावच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधुरबाबा रोग्याचा हात धरून पाण्याच्या पेल्यात बुडवायचा आणि पाणी गोड व्हायचं. "शक्कर उतर गयी, मैया! अब सुई बंद!" मधुमेहाला इतकं स्वस्तात हाकलणारा दुसरा कोणी जन्माला यायचा होता.

धर्माजीनं बायकोला पुढे रेटलं. पेला तोंडाला लावताच शेवंतीचा चेहरा उजळला. "अवो, गोड हाय! उतरली माजी साखर!" रोजच्या इन्सुलिनला बिचारी विटली होती. उरलेलं पाणी बाटलीत भरून दोघं घरी आली. त्या दिवशी तिनं सुई घेतली नाही, पुढेही नाही. ती ओकू लागली तेव्हाही धर्माजीनं तेच पाणी तिला चमच्यानं पाजलं. इस्पितळात नेईतो तिची शुद्ध हरपली होती. रक्तात साखर बेसुमार वाढली होती. शेवंती घरी परतली नाही.

तेराव्यानंतर देव्हाऱ्यातली बाटली त्याच्या नजरेस पडली. जन्म मिठागरात काढलेला माणूस तो. पाणी आटलं की त्यातलं मागे उरतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानं बाटली पातेल्यात रिकामी केली आणि गॅस पेटवला. पाक काही झाला नाही. तळाला नुसता पुसट पांढरा डाग राहिला. त्यानं तो बोटानं चाखला: आधी गोड, मागाहून कडवट.

"हेमांगी, तुज्या आयची साखर कुठं गेली गो?"

मुलीनं आईच्या चहाची डबी आणली. डॉक्टरांनीच दिलेल्या, साखरेऐवजी घालायच्या गोळ्या. एक पाण्यात विरघळवली. "चाखा, पप्पा."

तीच गोडी, शेवटी तोच कडवटपणा.

"यात साखर नसतेच. हिची चिमूटभर पूड पेलाभर पाण्याला पुरते. गोळीचा काय दोष? तो बाबा बोटांना हीच पूड लावून बसतो, हात धरला की ती रोग्याच्या हाताला लागते. आईची साखर रक्तातच होती."

धर्माजी भिंतीला टेकून हमसून हमसून रडला.

पुढच्या गुरुवारी धर्माजी बोटांना त्या गोळ्यांची पूड चोळून मांडवात गेला. रांगेतल्या एका बाईच्या पेल्यात त्यानं बोट बुडवलं. "चाख, बाय."

"गोड हाय!"

"मंग मीपन बाबा झालो काय?"

"नास्तिक है! निकालो!" बाबा किंचाळला. शिष्य धर्माजीला ओढू लागले. त्यानं मांडवाचा खांब घट्ट धरला.

"सुई सोडू नका! गोड लागलं म्हंजे साखर न्हाय. पानी घरी न्या, आटवून बघा, पाक व्हतो काय. पानी आटलं की त्यातलं मागं उरतं, ह्ये मना मिठागरात ठावं होतं, तरी शेवंतीला पाजताना मी आटवून बघितलं न्हाय."