मडगार्डचा स्क्रू

फेरारा शहरात सायकली माणसांहून जास्त, आणि सगळ्या गंजक्या. चकचकीत सायकल दिसली की समजावं, ही परक्याची, आणि उद्या चोरीला जाणार. म्हणून इथं दुरुस्ती करायची ती आतून. वरचा गंज म्हणजे देवाचा शेंदूर. त्याला कुणी हात लावत नाही.

आर्जियाची काळी सायकल गेतानोनं, तिच्या नवऱ्यानं, उभा जन्म सांभाळली होती. चेनच्या डब्याला तांब्याची तार त्यानंच पिळून बांधलेली. गेतानो गेला आणि पाठोपाठ ब्रेक ढिले पडले. सायकल थांबली तर आर्जिया घरात कोंडली जाणार होती. आणि परक्या हाती द्यावी तर त्या तारेसाठी जीव तुटत होता.

स्टेशनाजवळच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, "आजी, भंगारात टाका ही. बॅटरीवाली घ्या, पाय हलवायला नको."

"मग पाय काय, चपला घालायला दिलेत देवानं?" म्हणत ती वळली.

दुसऱ्या दुकानदारानं आधी पक्कड उचलली, मग नमस्कार केला. "तार तोडतो, रंग मारतो, नवरीसारखी करून देतो." तिनं हँडल ओढूनच घेतलं.

तटाखालच्या गल्लीत लेआर्कोचं दुकान. आत एक रेडिओ, एक पेला, एक खुर्ची. दारातली त्याची स्वतःची सायकल गल्लीत सगळ्यांत गंजकी. ती पाहून आर्जियाच्या मनाला जरा धीर आला.

त्यानं तारेवरून बोट फिरवलं. "ही कुणी बांधली?"

"आमच्या ह्यांनी."

"ब्रेकचा दांडा हिच्या आडून जातो. सोडावी लागेल, बाई. पुन्हा अशीच बांधीन."

"नाही जमायचं. ते डावरे होते."

"मग मीही डाव्या हातानं बांधतो. वाकडी झाली तर शिव्या घाला."

संध्याकाळी ब्रेक कच्चकन लागत होते, गंज जागच्या जागी होता, तार आपल्या जागी होती.

"वाकडी झालीय," आर्जिया म्हणाली.

"घाला शिव्या."

ती हसली. ते हसू कुठूनसं दुसऱ्याच कुणाचं आल्यासारखं तिच्या कानांवर पडलं.

"परत कधी आणू?"

"कशाला आणायची? आता वर्षभर बघायला नको," तो अभिमानानं म्हणाला. तिनं उगाच पुन्हा एकदा ब्रेक दाबून पाहिला.

मग धुकं आलं. नदीवरून उठलं, अंगणात शिरलं, खिडकीशी बसलं. बेकरीतून ती नेहमीचा पाव आणायची, दोन पीळ एकमेकांत गुंफलेला. गावात त्याला जोडपंच म्हणतात. एक पीळ ती खाई, दुसरा वाळून कडक होई. तागाच्या शेतातलं आईचं गाणं तेवढं ओठांवर येई :

*धुकं गं धुकं बाई, वाट गिळून बसलं,*
*घंटी वाजवू कुणासाठी, दार कुणी ना उघडलं.*

एका सकाळी तिनं गेतानोचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मडगार्डचा स्क्रू सैल केला. सायकल गल्लीभर खडखडत लेआर्कोच्या दारात गेली.

तो वाकला. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर ताजा, लखलखीत ओरखडा होता. त्यानं तो पाहिला. त्यानं पाहिला हे तिनंही पाहिलं, आणि टोमण्याची वाट बघत ती खाली फरशीकडे बघत राहिली.

लेआर्कोनं त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "या धुक्यात होतातच ढिले."

उचललेला पाना त्यानं परत ठेवला. नुसत्या बोटांनी स्क्रू फिरवला, आणि सोडून दिला.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"गुरुवारपर्यंत टिकेल."

आर्जियानं टोपलीतला पाव मोडला. एक पीळ त्याच्या पेल्याशेजारी ठेवला आणि निघाली.

बाहेर हात पुढे केला तर दिसत नव्हता. घराचं कुलूप तिचं तिलाच उघडायचं होतं, आत दिवा तिलाच लावायचा होता. पण तट ओलांडायच्या आधीच मागं मडगार्ड हलकं हलकं वाजू लागलं होतं.