दोष म्हणे दोरखंडाचा

मी एक जुना दोरखंड आहे, मित्रांनो. आनंदरावांच्या मुलीचं, रोशनीचं, विहारात नाव ठेवलं त्याच वर्षी, म्हणजे २०११ साली, मी सावनेर रस्त्यावरच्या सिमेंट पत्र्यांच्या कारखान्यात आलो. आनंदराव तिथले हमाल. त्या दिवशी त्यांनी सगळ्या हमालांना पेढे वाटले आणि त्याच चिकट हातांनी मला पहिल्यांदा उचललं.

मी काथ्याचा. नारळाची सोडणं कुजवतात, कुटतात, त्यांचे धागे वळतात. धाग्यांचे पेड होतात आणि तीन पेड एकमेकांत पिळले की माझ्यासारखा दोर तयार होतो. या पिळण्याबद्दल माझी तक्रार नाही. पिळल्याशिवाय दोर होतच नाही. पण माणसाचं तसं नसतं. माणसाला पिळून काहीच तयार होत नाही, हे मी कारखान्यात पाहिलं.

माझं काम साधं होतं. ट्रकमध्ये पत्रे रचून झाले की मला वरून फिरवायचं आणि आवळायचं. आनंदराव गाठ मारत आणि वर थाप देऊन म्हणत, "जाय आता." माल कधी घसरला नाही. माल पोचवून मी परत येई, तेव्हा ते मला झटकून, उन्हात वाळवून, वेटोळं करून ठेवत. ओला दोर कुजतो, हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे.

मग एका वर्षी नागपूरच्या मुख्य कार्यालयातून आरोग्य चषक आला. कंपनीच्या सगळ्या शाखांनी धावायचं, सूर्यनमस्कार घालायचे आणि शेवटी रस्सीखेच. मी ज्या भिंतीखाली पडून असे, त्या भिंतीवर कंपनीची मूल्यं रंगवली गेली. एकजूट. सुरक्षा. आदर. रंग झकास होता.

पहिल्या वर्षी आमच्या कारखान्याचे ऑफिसातले लोक रस्सीखेचीत तोंडावर पडले. दुसऱ्या वर्षी सुशील साहेबांनी युक्ती केली. ते कारखान्याचे मोठे अधिकारी. त्यांनी हमालांना कंपनीचे निळे टी-शर्ट घातले आणि मैदानात उतरवलं, ओढायला दोर म्हणून मलाच घेतलं. हे हमाल ठेकेदाराचे. एरवी त्यांना कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसायची परवानगी नव्हती, ते कडुलिंबाखाली डबे खात. पण रस्सीखेचीच्या दिवशी ते कंपनीचे झाले.

त्या वर्षापासून चषक आमच्याकडेच राहिला. मला ऑफिसात खिळ्यावर टांगलं. साहेब लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत, मला 'लकी दोर' म्हणत. मी वेडा, मला ते आवडायचं.

आनंदराव नेहमी शेवटच्या जागी उभे राहत. शेवटच्या माणसाने मला पाठीवरून घ्यायचं, बगलेखालून काढायचं आणि टाच रोवून मागे झुकायचं. सगळ्यांचा जोर शेवटी त्याच्याच अंगावर येतो. दर वर्षी सुशील साहेब त्यांना म्हणत, "आनंदराव, यंदा चषक आणा. कायम करण्यासाठी तुमचं नाव वर पाठवतो." आनंदरावांना दुसरं काही नको होतं. कंपनीचा माणूस म्हणून कायम व्हायचं, एवढंच. दर वर्षी ते चषक आणत. दर वर्षी नाव पुढच्या वर्षावर ढकललं जाई.

सोबतचे चंपतराव वयाने मोठे, जिभेने तिखट. ते म्हणत, "का गा आनंदराव, तू कायमच तं आहे! कायमचा हमाल!"

"हासून घे लेका," आनंदराव म्हणत. "यंदा पोरीले सांगून ठेवलं मी. बाप कंपनीत लागनार म्हनून."

ते वर्ष फार जुनं नाही, मित्रांनो, अगदी अलीकडचं. जागतिक आरोग्य दिनाला स्पर्धा ठेवली होती. एप्रिल महिना, आणि नागपूरकडचं ऊन! खेळ सकाळी कोवळ्या उन्हात उरकणार होता. पण मुख्य पाहुण्यांचं विमान उशिरा आलं, म्हणून सगळं दुपारवर गेलं. हमाल रात्रपाळी करून आले होते. मंडपात साहेबांसाठी कूलर लावले होते. संघ मात्र मैदानात रांगेत उभे. मी जमिनीवर पडलो होतो आणि इतका तापलो होतो, की मला उचलताना लोक हात झटकत होते.

आपल्याकडे उन्हात कोणी उघड्या डोक्याने फिरत नाही. हमालांनी डोक्याला, कानाला दुपट्टे गुंडाळले होते. सुशील साहेब आले आणि म्हणाले, "दुपट्टे काढा सगळ्यांनी. फोटो मुख्य कार्यालयात जाणार आहे. सगळे एकसारखे दिसले पाहिजेत."

"साहेब," चंपतराव म्हणाले, "दुपट्टा काढला तं डोकं शिजून जाईन ना जी! खेळ झाल्यावर काढा फोटो."

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे, चंपतराव. एवढं काय घाबरता? आरोग्याची स्पर्धा आहे ही!"

आनंदराव सुशील साहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी मुकाट्याने दुपट्टा सोडला.

"काहून काढून राहिला गा तू?" चंपतराव चिडले.

"जाऊ दे ना भाऊ. आज नाराज नको करू त्याईले."

मग शपथ झाली. आम्ही एकमेकांची काळजी घेऊ, असं सगळ्यांनी हात पुढे करून म्हटलं. भाषण झालं, तेही लांबलं. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती. मग शिट्टी वाजली. आनंदरावांचं अंग माझ्यापेक्षा तापलेलं होतं आणि त्यांना घाम येत नव्हता. मला ते कळत होतं. दोराला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

आम्ही जिंकलो. सगळे नाचले. आनंदराव मला अंगाभोवती घेऊन तसेच आडवे झाले होते. "थकले असतील," कोणीतरी म्हणालं. फोटो काढला गेला. मग चंपतराव धावले, पाणी ओतलं, हाका मारल्या. बाजूला पाहुण्यांच्या थंडगार गाड्या उभ्या होत्या. चंपतराव सुशील साहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "गाडी द्या ना साहेब!"

साहेब म्हणाले, "आधी ठेकेदाराला फोन लावा. त्याचा माणूस आहे."

ठेकेदाराने फोन उचलला नाही. शेवटी हमालांनी मालाच्या टेम्पोत त्यांना घातलं आणि नेलं.

चौकशीला तीन जण आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उलटंपालटं केलं, आणि दोरखंड जुना झाल्याने खेळाडूवर जास्त ताण आला, असं ठरवलं. मी तुटलो नव्हतो! माझा एक पेडही सुटला नव्हता! मला फाटकाजवळच्या भंगारात फेकलं आणि ऑफिसात नवा नायलॉनचा दोर टांगला.

तिथेच पडल्या पडल्या मी रोशनीला पाहिलं. चंपतराव तिला घेऊन आले होते. कंपनीने एकदा म्हणावं की माझे बाबा तुमचेच होते, एवढंच ती मागत होती.

"बेटा," सुशील साहेब म्हणाले, "आम्हाला वाईट वाटतं. पण ते आमच्याकडे नव्हते. ठेकेदाराकडे होते."

रोशनी रडली नाही. "मंग दोर कोनाचा ओढून राहिले होते ते?" तिने विचारलं.

साहेबांनी चौकीदाराला फाटक लावायला सांगितलं.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं जुन्या वस्तू सांगतात. मी नाही सांगणार. मला जाळा, माझं काही जात नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला मैदानात उभं कराल, तेव्हा स्वतः त्याच उन्हात उभे राहा. जिंकताना जो आपला, तो पडल्यावरही आपलाच, हे भिंतीवर रंगवू नका. गाडी काढा.

रोशनीचे वडील आनंदराव ७ एप्रिल २०२५ रोजी, सोमवारी दुपारी, दवाखान्यात पोचण्याआधी टेम्पोतच ऊन लागून वारले.