शिवलेला पडदा

मी बारदाना बोलतोय, धानाचं रिकामं पोतं. आता मला पडदा म्हणतात, पण ते नाव अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. सालेकशाच्या जंगलाकडच्या एका गावात, दुर्गाच्या मशरूमच्या खोलीच्या दाराला मी टांगलेला असतो, दिवसभर ओलाचिंब. पौषाच्या थंडीत ओलं राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. माझा कुबट वास येतो, तेही मला माहीत आहे. कोणी नाकाला पदर लावून आत गेलं की मला वाईट वाटतं, पण पोत्याच्या वाटण्याला विचारतो कोण?

जन्म माझा तागाचा. कुठल्याशा दूरच्या गिरणीत मला विणलं, गठ्ठ्यात आवळलं आणि आगगाडीतून इकडं धाडलं. धान खरेदी केंद्रावर पोट फुटेस्तोवर धान भरलं. हमालांच्या हुकांची भोकं अजून माझ्या पाठीवर आहेत. मग गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मला उपडं केलं, झटकलं आणि कोपऱ्यात भिरकावलं. "ये बारदाना तो गया," कोणीतरी म्हणालं. पोटात धान होतं तोवर मला खांद्यावर घेणारी हीच माणसं होती.

त्या मिलमध्ये लोकेश नावाचा एक तरुण पोती उचलायला होता. त्यानं मला आणि माझ्यासारख्याच आणखी दोघांना मागून घेतलं आणि गावी आणलं. घरात त्याची म्हातारी आई, अनुसयाबाई. तिनं मला कधी रिकामं ठेवलं नाही. उन्हाळ्यात माझ्यावर मोहफुलं वाळत, पावसाळ्यात मी छपरीच्या दाराशी पडून सगळ्यांचे पाय पुसत असे. तक्रार नव्हती. घरात माणसं असली की पायपुसण्यालाही बरं वाटतं.

पण घरात माणसं राहीनात. लोकेशचं दुर्गाशी लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तो सेंट्रिंगच्या कामाला हैदराबादला जायला लागला. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला यायचा, कापणीला यायचा, बाकी वर्षभर फक्त फोन. संध्याकाळी सासू-सुना दोघीच छपरीत बसत. एक तांदूळ निवडायची, दुसरी रस्त्याकडं पाहायची. मधूनमधून रेल्वेचा आवाज यायचा आणि दोघी मान वर करायच्या.

मग दुर्गा तालुक्याला प्रशिक्षणाला गेली. तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, मशरूम कसं घ्यायचं ते शिकून आली. धानाचं तणीस तर दारातच पडलेलं, आणि मागची ढोरांची खोली रिकामी. त्या वर्षी कापणीला आलेला लोकेश तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "हे जमलं तं मी जात नाही. दोघं संगं करू. नाही जमलं तं गाडी धरतो."

 दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दुर्गानं खोलीला चुना मारला.

खोलीत ओल राहावी आणि माश्या आत येऊ नयेत म्हणून दाराला ओला पडदा हवा होता. अनुसयाबाईनं आम्हा तिघांना उसवलं आणि छपरीत पाय पसरून, दाभण आणि सुतळी घेऊन एकमेकांना जोडायला बसली. आयुष्यात मला इतका वेळ कोणी मांडीवर घेतलं नव्हतं. दाभण टोचायचं, पण मागून तिचा हात फिरायचा. टाके वाकडे आले तशी दुर्गा हसली. म्हातारी म्हणाली, "दाराले लावाचं आहे वो, नवरीले नाही." दुर्गानं मग मला उकळत्या पाण्यात बुडवून काढलं. अंगातला जुना धानाचा वासही त्या दिवशी गेला.

तणीस भिजवलं, ड्रममध्ये उकळलं, निथळवलं. थराथरानं बी पेरून पिशव्या भरल्या आणि लोकेशनं त्या आढ्याला दोरीनं टांगल्या. काही दिवसांत पिशव्यांच्या आत पांढरे धागे धरू लागले, दुधावर साय धरते तसे. लोकेश रोज संध्याकाळी येऊन बघत उभा राहायचा. ठेकेदाराचा फोन आला की म्हणायचा, "थांब ना भाऊ, पाहून रायलो." ते ऐकून दुर्गाचा पाणी शिंपडणारा हात जरा हळू व्हायचा. मला तिचं मन कळायचं. पिशव्या पांढऱ्या झाल्या म्हणजे नवरा घरी राहिला, एवढा सरळ हिशेब होता.

प्रशिक्षणातल्या मॅडमनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. खोलीत ज्याला त्याला घेऊ नका, पिशव्यांना कोणाला हात लावू देऊ नका. बुरशी माणसाच्या हातावरून, कपड्यावरून येते आणि एकदा आली की पसरत जाते.

आता गावात कोणाला थांबवणार? अनुसयाच्या घरी हिवाळ्यात सात्या निघून राहिल्या, अशी बातमी फुटली. रानातल्या सात्या, म्हणजे अळंब्या, निघतात पावसाळ्यात, तर हे नवल बघायला खळ्यावर धान चुरणारी माणसं केसांतल्या भुशासकट येऊ लागली. एके दिवशी वरच्या मोहल्ल्यातली शकुंतलाबाई आली. चांगली बाई, कधी मोठ्यानं बोलायची नाही. दुर्गा दाराशी आडवी आली आणि चाचरत म्हणाली, "काकूजी, बाहीरूनच पाहा. आत शिवू..."

वाक्य पुरं व्हायच्या आत अनुसयाबाई छपरीतून उठून आली. "ये वो बाई, ये. आपलंच घर समज," म्हणाली आणि स्वतःच्या हातानं मला बाजूला सारलं. शकुंतलाबाई आत गेली. पिशव्या दाबून पाहिल्या, हवेसाठी पाडलेल्या भोकांत बोट घालून पाहिलं, मग छपरीत बसून पाणी पिऊन गेली.

ती गेल्यावर म्हातारी सुनेला म्हणाली, "दुर्गा, या दारात तो शबद निंगला नाही पायजे."

"काऊन मामीजी? मॅडमनं सांगतलं ना." सासूला ती मामीजी म्हणते.

"मॅडम काई विहिरीवर उभी नाही राहिली." अनुसयाबाई खाली बसली. "माहेर माह्यं याच गावचं. मी लहान होती तवा मायच्या संगं विहिरीपाशी उभी राहो. दूर. हिच्याच सासरची विहीर ते. कोनी वरून पानी टाकलं तं आमची घागर भरे. कोनी नाही आलं तं ऊन डोक्यावर येवस्तोर उभंच. आमी घागर पुढं केली का म्हणत, शिवू नोको. आज त्या घरची बाई माह्या दारात आली, माह्या घरचं पानी पिली. तिले मी दूर राय म्हणू?"

  म्हातारीचं खरं होतं आणि मॅडमचंही खरं होतं. दोन खऱ्यांच्या मधे मी लोंबकळत होतो, आणि दिवसभर हात मला उचलत होते.

मग एका पिशवीत, भोकाजवळ, बुरशीचा हिरवा ठिपका दिसला. दुर्गानं फोन केला. पिशवी लगेच काढा, खड्ड्यात पुरा, चुना टाका, असं मॅडम म्हणाल्या. दुर्गानं ती पिशवी सोडवून आतच दाराशी ठेवली. लोकेश शेतातल्या बांधीच्या कोपऱ्यात खड्डा खणायला गेला आणि दुर्गा चुना आणायला.

तेवढ्यात गाव आलं. आमच्याकडं कोणाचा बैल आजारी पडला तरी मोहल्ला गोळा होतो, तसंच हे. मनापासून वाईट वाटून आले होते सगळे, कोणाला नावं कशी ठेवू? पण माणसाला वाईट वाटलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. "असं झालं का बाप्पा," म्हणून हिरव्याला बोट, आणि "हे तं बरं आहे ना," म्हणून शेजारच्या पांढऱ्याला तेच बोट. अनुसयाबाई सगळ्यांना फिरून दाखवत होती. तीही हिरव्यावरून हात फिरवायची आणि मग एकेका पांढऱ्या पिशवीला, लेकराला थोपटावं तशी थोपटायची.

दुर्गा चुन्याची पिशवी घेऊन आत आली. सासूचा हात पांढऱ्या पिशवीवर पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मामीजी, शिवू नोका."

 शकुंतलाबाईनं खाली पाहिलं. अनुसयाबाईचा थोपटायला उचललेला हात हवेतच थांबला. माणसं एकेक करून निघून गेली. शेवटी म्हातारी दाराकडं आली, माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्या हातचा, तिनं शिवलेला. पण तिनं मला हात लावला नाही. हात पोटाशी धरून उभी राहिली. दुर्गानं येऊन मला बाजूला केलं तेव्हाच ती बाहेर पडली.

पुढं काय सांगू? एकेक करून सगळ्या पिशव्या हिरव्या झाल्या. लोकेशनं आधी खणलेला खड्डा पुरला नाही, तो वाढवावा लागला. ज्या हातांनी त्यानं त्या आढ्याला टांगल्या होत्या, त्याच हातांनी त्यावर चुना आणि माती ओढली. ठेकेदाराचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "येतो."

"मी अखीन एकदा लावते," दुर्गा म्हणाली.

"लाव ना. पण मी किती थांबू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. सकाळच्या गाडीनं तो गेला. गाडीचा आवाज आला तेव्हा दोघींनी मान वर केली नाही.

दुर्गानं पुन्हा खोली धुतली, मला पुन्हा उकळलं आणि एकटीनं उचलता येतील एवढ्याच पिशव्या लावल्या. सासूला म्हणाली, "मामीजी, मी रागानं बोलली. आत या ना."

"तुह्यं बरोबर होतं. माह्या हातानंच गेलं ते." एवढं बोलून अनुसयाबाईनं अंगणात, दारापासून लांब, माझ्यासारखाच एक बोरा अंथरला. तेव्हापासून ती तिथंच बसते. गावातलं कोणी आलं तर म्हणते, "मी बी बाहीरच आहो. बस माह्याजवळ." मग येणाराही बसतो. शकुंतलाबाईसुद्धा तिच्या शेजारी जमिनीवर बसून जाते. कोणाला काही म्हणावं लागत नाही. जो शब्द तिला दुसऱ्याला म्हणवेना, तो तिनं स्वतःला लावून घेतला.

पिशव्या यावेळी पांढऱ्या राहिल्या. परवा त्यातल्या एकीतून कळ्या फुटल्या. दुर्गा आतून ओरडली, "मामीजी, निंगले. या, पाहा."

"नोको. तू सांग, मी येथंच ऐकते."

दुर्गानं माझ्याआडून सांगितलं. लहान आहेत, राखाडी आहेत, एकमेकांना चिकटून आहेत.  फोनवर लोकेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चांगलं झालं. रोवण्याला येईन, म्हणाला. हे पीक थंडीचं; त्याआधीच ऊन तापून खोली बंद झालेली असेल.

आणि मी सडत चाललोय. रोजच्या ओलीनं मधली शिवण उसवली आहे. त्या फटीतून माश्या आत शिरतात, आणि माश्यांबरोबर बुरशी येते. दुर्गाला दाभण धरता येत नाही. काल ती म्हणाली, "मामीजी, याले शिवून द्या ना." म्हातारीनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. दाभणात सुतळी ओवली, दारापर्यंत आली आणि माझ्यासमोर थांबली.  मग परत जाऊन बसली. दाभण अजून तिच्या मांडीवर आहे.

अनुसयाबाई, मला बोलता येत नाही म्हणून मनात म्हणतोय. मला बुरशीला अडवायला टांगलंय, तुम्हाला अडवायला नाही. तुमचे हात स्वच्छ आहेत, मी पाहिलेत. आत दुर्गा एकटी आहे आणि मी फाटत चाललोय. या, बाई. मला शिवा.