बनुबाईचं ‘चाललंय’

“आत यायचं नाही, बनुबाई. आज तू नातेवाईक,” असं म्हणून फ्रान्सहून आलेल्या सिस्टर मार्तनं बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

एकाहत्तर सालची गोष्ट. नेवाशाजवळच्या त्या मिशनच्या दवाखान्यात बनुबाई कित्येक वर्षं आया होती. हा नियम तिनंच साऱ्या गावांना ऐकवलेला. आज आत तिची सून विजयमाला होती. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती.

शेजारीण राहीबाई जवळ सरकली. “सिस्टरच्या फ्रेंचात बोल की. सोडंल आत.”

“एकच शब्द येतो मला. जानं. त्यानं काय दार उघडतंय?”

दुपारी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सिस्टर तो शब्द फ्रेंचमध्ये शिकवी. मी जाते, ज वे. तू जातेस, त्यू वा. आणि आम्ही जातो म्हटलं की एकदम नूझालों!

“ह्ये कुठनं उपटलं?” बनुबाई हसे.

जुन्या लॅटिनमधली तीन निरनिराळी क्रियापदं झिजून या एकात आली, असं सिस्टर सांगे.

“मंजी तीन घरच्या जावा, चूल एक!”

सिस्टरच्या देशात माणूस भेटलं की याच शब्दानं विचारायचं. सा वा? चाललंय ना? उत्तरही तेच, सा वा. नवरा गेला त्या आठवड्यातही बनुबाईनं सिस्टरला सा वाच म्हटलं होतं.

आतलं कण्हणं थांबलं. बाळाचा आवाज मात्र आलाच नाही.

“आये, इचार की!” मुलगा गहिनीनाथ उठून उभा राहिला.

“दार उघडंस्तवर न्हाई इचारायचं.”

दार उघडलं. सिस्टर घामानं निथळत होती. दमली की तिचं मराठी पळून जाई. ती भराभरा फ्रेंचच बोलत सुटली. बनुबाईला काही उमगेना. तिनं चौकट धरली.

“सा वा?”

 आपलाच नियम मोडून सिस्टरनं बनुबाईला हाताला धरून आत ओढलं.

विजयमालेच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं तांबडं पोर जांभई देत होतं.

“आत्याबाई, रडली आत्ता,” सून पुटपुटली. “बारीक रडली.”

बनुबाईनं दारातून डोकं बाहेर काढलं. “पोरगी हाय. दोगीबी चांगल्या हायेत. रडतोस काय रं, गूळ आन!”

मग सवयीनं तिनं फरशी पुसायची बादली उचलली. सिस्टरनं ती काढून घेतली, पांढरा झगा गुडघ्यापाशी खोचला आणि खाली बसून फडकं पिळलं.