लिफ्टवाले काका विमानात बसले

सगळी गल्ली त्यांना लिफ्टवाले काका म्हणायची. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. खाली मिट्ट काळोख आणि वर टांगलेला लिफ्टचा पाळणा, अशा ठिकाणी काम करताना त्यांची पापणी लवली नव्हती. पण विमानात बसायची त्यांना भीती वाटायची.

लेक दिली होती शेजारच्या देशात. विमानानं जेमतेम पन्नास मिनिटं. बसनं जायचं तर डोंगर ओलांडा, सरहद्दीवर ताटकळा. दोन दिवस हाडं खिळखिळी. काका हट्टानं बसनंच जायचे. यंदा मात्र कंबरेनं दगा दिला, डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला आणि नेमकी तेव्हाच लेक बाळंत झाली.

"नात काय, फोनवरही दिसते," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मुलगा बोटीवर नोकरीला, तो काही येणार नव्हता. चष्म्याच्या दुकानात कामाला जाणारी सून तेवढी घरात. ती म्हणाली, "बाबा, मी येते बरोबर. मला विमानाची सवय आहे. लग्नाआधी कितीदा तरी गेलेय. चहा संपतो न संपतो तोच पोचतो आपण."

सवयीचं माणूस सोबत आहे म्हटल्यावर काकांना नाही म्हणता येईना.

विमानात सुनेनं पट्ट्याची दोन टोकं हातात घेतली आणि ती नुसतीच एकमेकांवर आपटत राहिली. काकांनी कडी निरखली आणि खटकन बसवून दिली.

"सूनबाई, खरं सांग. कितीदा बसलीस विमानात?"

"आजचं धरून?"

"आजचं धरून."

"एकदा," ती पुटपुटली.

तेवढ्यात विमान धावायला लागलं. सुनेनं डोळे गच्च मिटून काकांचा दंड पकडला. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर हिला भोवळ येते, हे काकांना आत्ता आठवलं. आणि ही आपल्यासाठी आभाळात निघाली! स्वतः घाबरायचं तर राहूनच गेलं.

"घाबरू नकोस पोरी. लिफ्ट निघतानाही असाच हिसका बसतो. वरचा दोर पक्का असला म्हणजे झालं."

"बाबा, इथे दोर कुठाय?"

काकांनी वर छताकडे पाहिलं. मग दोघांनाही असं हसू फुटलं की पुढचा प्रवासी वळून बघायला लागला. हसता हसता डोंगर मागे पडले, आणि चहाचा कप हातात येतो तोच विमान उतरायला लागलं.

लेकीच्या घरी पोचल्यावर लेक बाळाला घेऊन काकांकडे आली. काकांनी हात पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले.

"आधी वहिनीच्या हातात दे. तिच्यामुळे आलोय मी."

"अहो बाबा, माझे हात अजून थरथरताहेत."

"मग मी खालून धरतो."

सुनेच्या हातांखाली त्यांनी आपले राठ तळवे लावले. "फार मोठं काम केलंस बघ," ते हळूच म्हणाले. बापाच्या तोंडून असं कौतुक लेकीनं आजवर ऐकलं नव्हतं. ती बघतच राहिली. बाळानं एक भलीमोठी जांभई दिली आणि चार हातांवर गाढ झोपी गेलं.